सांता नुनिलोचा अर्धा चरण

मुन्यो डोंगर चढायला निघाला तो अगदी साध्या कामासाठी. सान आसिस्क्लोच्या मठात नव्या गायकीच्या पोथ्या बांधायच्या होत्या आणि त्यांच्या वेष्टनांना जाड कातडं हवं होतं. वर सांता नुनिलोच्या छोट्या देवळात जुन्या गायकीची एक मोठी पोथी नुसती पडून होती. चांगल्या मेंढीच्या कातड्याची, दोनशेवर पानांची. ती आणायची, पानांवरचं खरवडायचं, कापायची आणि नव्या पोथ्यांना लावायची. सकाळी खेचर घेऊन निघायचं, संध्याकाळपर्यंत परत.

या कामाला आधी दोघे जाऊन आले होते आणि दोघेही हात हलवत परतले. एक म्हणाला, खेचर लंगडलं. दुसरा म्हणाला, धुकं फार होतं. ऑक्टोबरात आमच्या डोंगरात धुकं नसेल तर काय असेल? पण मठाधिपती गिरार फ्रान्सहून आलेले, त्यांना आमच्या धुक्याचा अंदाज नाही. त्यांनी दोघांना ऐकून घेतलं आणि मग मुन्योला बोलावलं.

"मुन्यो, तूच जा. तुला तिथली वाट ठाऊक आहे."

वाट ठाऊक होती, म्हणूनच बारा वर्षं त्यानं ती टाळली होती. पण मठातला मुख्य गायक तो, पोथ्याही त्याच्याच गायकीच्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

वाटेत त्याला आपले गुरू विगिलाबाबा आठवणार हे उघड होतं. ते आठवू नयेत म्हणून तो खेचराशी बोलत राहिला, पण खेचराशी बोलून बोलून माणूस किती बोलणार?

आमच्या कास्तीलच्या राज्यात त्याच्या वीस वर्षं आधीपर्यंत सगळीकडे जुनीच गायकी होती. आमच्या पणजोबांच्या पणजोबांची. त्या गायकीत एखाद्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर गाणारा इतका रेंगाळायचा, इतक्या वळणांनी फिरून यायचा, की ऐकणारा शब्द विसरून जायचा आणि डोळे मात्र भरून यायचे. मग राजानं ठरवलं की आता रोमसारखं गायचं. राजा बोले, दल हाले. फ्रान्सहून मठवासी बाबा आले, पोथ्या आल्या, सरळसोट स्वच्छ चाली आल्या. त्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. पण नवी सून चांगली निघाली म्हणून कुणी आईला घराबाहेर काढत नाही, आणि इथं तेच झालं.

विगिलाबाबा मठातले तेव्हाचे मुख्य गायक. त्यांनी नवीन शिकायला साफ नकार दिला. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त नवी चाल सुरू झाली की तोंड मिटून उभे राहायचे. गिरारबाबांनी त्यांना डोंगरावर सांता नुनिलोला पाठवून दिलं. सोबत ती मोठी पोथी दिली. "घ्या, तुमची तुम्हाला," म्हणाले.

त्या पोथीचा इतर कुणाला उपयोग नव्हता. जुन्या पोथ्यांत अक्षरांच्या डोक्यावर खुणा असत, टिंबं, गळासारखे आकडे, शेपट्या. सूर चढतो की उतरतो एवढं त्या सांगत. किती चढतो आणि मुळात कुठून निघतो, ते सांगत नसत. ते गुरूच्या तोंडूनच घ्यायचं. ज्याला चाल येते त्याला खुणा आठवण देणार. ज्याला येत नाही त्याच्यासाठी कोंबडीनं माती उकरावी तसं पान. विगिलाबाबांची चाल पूर्ण घेतलेला शिष्य एकच होता, मुन्यो.

आणि मुन्योनं काय केलं?

आमच्या मठांत स्तोत्र दोन रांगांत गातात. रांगा समोरासमोर. एका रांगेनं पहिला चरण म्हणायचा, श्वासभर थांबायचं, आणि दुसरा चरण समोरच्यांनी म्हणायचा. समोरून चरण आला की तो पुरा करायलाच हवा. अर्धा ठेवणं म्हणजे माणसाला भरल्या ताटावरून उठवणं. आणि जुन्या रीतीत मरणाऱ्या बाबाला जमिनीवर, राखेवर निजवत. आवाज उरला असेल तर शेवटच्या स्तोत्राचा पहिला चरण तो स्वतः म्हणे. भोवती उभे असलेले दुसरा म्हणत. तो कानांवर पडला की जीव निवांत सुटतो, अशी आमची समजूत.

बारा वर्षांपूर्वी विगिलाबाबा मरायला टेकले तेव्हा गिरारबाबा वर गेले. बरोबर मुन्यो आणि मठाच्या स्वयंपाकघरातले दोन भाऊ, म्हणजे साधे मठवासी, ज्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. विगिलाबाबा राखेवर पडले होते, अंगात काही राहिलं नव्हतं. तरी त्यांनी मुन्योकडे पाहिलं आणि पहिला चरण उचलला. जुन्या चालीत. आवाज बारीक, पण एक सूर हलला नाही. चरण संपला. ते थांबले. डोळे मुन्योवर.

मुन्योच्या शेजारी गिरारबाबा उभे होते. मुख्य गायकाची जागा दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायची होती.

मुन्यो गप्प राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. भ्यालेला माणूस गप्प राहतो, देवही ते समजून घेत असेल. पण तो गप्प राहिला नाही. त्यानं छाती भरून रोमचं स्तोत्र सुरू केलं, मोठ्यानं, त्या थांबलेल्या क्षणाच्या मधोमध. त्याचा आवाज फार सुंदर होता. देऊळ भरून गेलं. संपलं तेव्हा विगिलाबाबा गेलेले होते, तोंड किंचित उघडं. परतताना गिरारबाबा म्हणाले, "छान गायलास." जागा त्याला मिळाली.

दुपार उलटताना तो वर पोचला. धुकं इतकं दाट होतं की देवळाआधी देवळाशेजारच्या घराचा धूरच नाकाला लागला. दारात ओनेका उभी होती, देवळाची किल्ली सांभाळणारी म्हातारी. कमरेवर हात.

"या, या बाबा. तुम्ही तिसरे. आधीचे दोघे अंगणातूनच पळाले. तुम्ही निदान पाणी पिऊन पळा."

"मी पळायला नाही आलो, ओनेकाबाई. पोथी घ्यायची आणि निघायचं."

"तेही असंच म्हणाले होते हो. पहिल्याचं खेचर येताना धडधाकट होतं, जाताना लंगडलं कसं, ते तुमचा देव जाणे." तिनं त्याला आत घेतलं. पुढ्यात जवाचा पाव, मेंढीच्या दुधाचं चीज आणि भाजलेले चेस्टनट ठेवले. "खा. तोंड का असं उतरलंय? मठात उपास चाललाय की काय?"

चुलीजवळ तिची मुलगी तोदा लोकर विंचरत बसली होती. विंचरताना ती गुणगुणत होती. मुन्योनं पावाचा घास तोडला आणि तो हातातच राहिला.

ती चाल तो ओळखत होता. पहिला चरण. एक सूर इकडे तिकडे नाही. चरण संपला आणि तोदा थांबली. लोकर विंचरणंही थांबलं. मोजून एका चरणाइतका वेळ ती तशीच बसून राहिली आणि मग पुन्हा सुरुवातीपासून गुणगुणू लागली.

"हे... हे तुला कुणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय?" तोदा हसली. "रोज ऐकते की. सांजेच्या प्रार्थनेच्या जरा आधी, देवळातून. वाडीत सगळ्यांना पाठ आहे. ताक घुसळताना हेच म्हणतात, पोर निजवताना हेच."

"देवळात कोण असतं त्या वेळी?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"कोणी नसतं," ओनेका म्हणाली. "विगिलाबाबांचा आवाज आहे तो. मी त्यांना तीन वर्षं जेवू घातलं, मला नको का ओळखता यायला?"

"आणि तुम्हाला भीती नाही वाटत?"

"त्यांची? अहो, जितेपणी त्यांनी माशी मारली नाही. ते गातात त्याची कसली भीती." तिनं आवाज उतरवला. "भीती वाटते ती थांबतात त्याची. अर्ध्यावर थांबतात बाबा, आणि मग... सगळं घर श्वास धरून बसतं. मेंढ्यासुद्धा रवंथ थांबवतात. वाटतं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. कुणीच म्हणत नाही. बारा वर्षं झाली. माझा नवरा मरताना विचारत होता, 'ओनेका, पुढं काय गं? पुढचं सांग ना.' मला कुठलं येणार?" तिनं मुन्योकडे रोखून पाहिलं. "तुम्ही तर गाणारे. तुम्हाला येतं का पुढचं?"

"नाही," मुन्यो म्हणाला.

आपण खोटं बोललो की खरं, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बारा वर्षं त्यानं ती चाल मनात येऊ दिली नव्हती. आली की तो दुसरं काहीतरी मोठ्यानं गायचा. आता ती आत उरली आहे की नाही हे बघायचंही त्याला धाडस नव्हतं. पण त्या चुलीपाशी बसून एक गोष्ट त्याला स्वच्छ कळली. दुसरा चरण माहीत असलेला जगात एकच माणूस असू शकत होता, आणि त्यानं तो म्हटला नाही तर विगिलाबाबा कायमचे असे थांबून राहणार होते.

किल्ली घेऊन तो एकटाच देवळात गेला.

देऊळ लहान. घोड्याच्या नालासारखी कमान, तिच्यापलीकडे वेदी, अलीकडे समोरासमोर दोन दगडी बाक. ओल्या दगडाचा वास, विझलेल्या मेणाचा वास आणि त्यांच्या खाली आणखी एक कोरडा वास, तो राखेचा. बारा वर्षं कुणी तिथं राख टाकली नव्हती. खिडकीच्या फटीतून धुकं आत आलं होतं आणि जमिनीलगत साचून राहिलं होतं. पोथी लाकडी घोडीवर उघडीच होती. मुन्यो तिच्याकडे गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण नेमके त्याच जागी उभे आहोत, जिथं तेव्हा उभे होतो.

त्यानं पोथी मिटायला हात पुढे केला.

आणि समोरून, डावीकडून, आवाज आला.

उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून नाही. खालून. जमिनीपासून वीतभर वर, जिथं निजलेल्या माणसाचं तोंड असतं, तिथून. बारीक, कोरडा, पण सुरात. चरण हळूहळू चढला, शेवटच्या शब्दावर रेंगाळला, वळला, खाली आला... आणि थांबला.

बाहेर एक मेंढी ओरडत होती ती गप्प झाली. देवळात इतकी शांतता झाली की त्याला स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येऊ लागलं. ती शांतता नुसती रिकामी नव्हती. ती वाट पाहत होती, आणि कुणाची ते त्याला ठाऊक होतं.

त्यानं पोथीतल्या खुणांवर नजर टाकली, श्वास घेतला आणि तोंड उघडलं. बाहेर पडलं ते रोमचं. बारा वर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप त्याच वळणावर गेली. सुंदर, स्वच्छ, सरळ. भलतंच.

तो लाजेनं गप्प झाला. शांतता तशीच पुरी झाली. मग पहिला चरण पुन्हा सुरू झाला, अगदी पहिल्यासारखा, न रागावता.

दुसऱ्या वेळी त्याला काहीच सुचलं नाही. तिसऱ्या वेळी त्यानं खुणांवर बोट ठेवून एकेक सूर शोधायचा प्रयत्न केला. वर, वर, खाली, वळण, वर. पण किती वर? कुठून वर? टिंबं त्याच्याकडे बघत होती आणि काही सांगत नव्हती. त्याला रडू यायला लागलं. "बाबा, मला आठवत नाही हो," तो पुटपुटला. "मीच घालवलं. मी घालवलं..."

चौथ्यांदा आवाज उठला तेव्हा त्यानं पोथी मिटली.

डोळेही मिटले. आणि त्याला चाल आठवली नाही, वाफा आठवला. मठाच्या मागचा कांद्याचा वाफा. विगिलाबाबा कधी बसून शिकवत नसत. "गाणं ढुंगणाखाली राहतं रे बसलं की," म्हणायचे. हातात पाण्याचा घडा द्यायचे आणि वाफ्याच्या कडेनं चालायला लावायचे. पाणी घालत, गात. या चरणाची शेवटची तान वाफ्याच्या लांबीएवढी होती. एका टोकाला सुरू व्हायची, दुसऱ्या टोकाला संपायची. आधी संपली तर पुन्हा घडा भरून आणायचा. तेव्हा मुन्यो सतरा वर्षांचा होता आणि त्याचे खांदे दुखायचे.

तो चालू लागला. बाकापासून दारापर्यंत, एका हातात नसलेला घडा धरून. पहिल्या पावलाला पहिला सूर आला. दुसऱ्याला दुसरा. त्याला काही शोधावं लागलं नाही, पायांना सगळं पाठ होतं. चरण चढला, उंचावर जाऊन थबकला, मग तान सुटली, लांब, वळणावळणांची, तो चालतोय आणि ती उलगडतेय, आणि दाराशी त्याचं पाऊल थांबलं तिथं ती अलगद टेकली.

पुरा झाला. दुसरा चरण पुरा झाला! मुन्यो भिंतीला धरून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. इतकं हलकं त्याला बारा वर्षांत वाटलं नव्हतं. आता विगिलाबाबा पुढची ओळ घेतील, नाहीतर आता काहीच येणार नाही, सुटतील ते.

समोरून आवाज आला. पहिला चरण. सुरुवातीपासून.

"बाबा?" मुन्यो म्हणाला. "बाबा, म्हटलं मी. झालं ना..."

चरण संपला. थांबला. मुन्योनं घाईघाईनं पुन्हा दुसरा म्हटला, पूर्ण, चालत. आणि पुन्हा पहिला सुरू झाला.

मग तो जाऊन तिथं, त्या जमिनीवर, गुडघ्यांवर बसला. वाकून, गाल दगडाला लावून, जिथून आवाज येत होता तिथं तोंड नेऊन त्यानं म्हटलं, "मी आहे. मुन्यो. ऐका तरी..." त्याच्या गालावर गार श्वास लागला. राखेचा वास आला. आवाज त्याच्या कानाला लागून सुरू झाला, जणू तिथं कुणी आलेलंच नाही. त्यानं त्या गार श्वासात तोंड घालून दुसरा चरण म्हटला, आणि तो म्हणत असताना समोरची वाट पाहणारी शांतता जराही हलली नाही.

सातव्या वेळी त्याला कळलं. हा आवाज आजच्या शांततेत थांबतच नव्हता. तो थांबत होता त्या दिवशीच्या क्षणात. आणि त्या क्षणात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती, कारण तिथं देवळाच्या भिंती हलवत, छाती भरून, एक तरुण गायक रोमचं स्तोत्र गात होता.

त्याला बाहेर यायला फार वेळ लागला. उघड्या राहिलेल्या दाराबाहेर ओनेका आणि तोदा एकमेकींना धरून उभ्या होत्या.

"काय चाललं होतं आत?" ओनेकानं विचारलं. "सात वेळा झालं आज... कधीच होत नाही. आणि तुम्ही तोंड वासून इकडून तिकडे काय फिरत होता?"

"ऐकलंत ना तुम्ही?" मुन्यो म्हणाला. "पुढचं. तुम्ही विचारत होतात ते. मला आठवलं, बाई, सगळं आठवलं! तीन वेळा म्हटलं मी."

तोदा हळूच म्हणाली, "बाबा... तुमचा आवाज नाही आला."

"नाही कसा?"

"एकदाच आला. सुरुवातीला काहीतरी रोमचं म्हणालात, ते ऐकलं. छान म्हणता. नंतर नुसतं तोंड हलत होतं."

मुन्योनं तिथंच, अंगणात, धुक्यात, पुन्हा दुसरा चरण म्हटला. त्याला स्वतःला तो लख्ख ऐकू येत होता. तोदा त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. संपल्यावर तिनं मान हलवली.

"शीर फुगलेली दिसते," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

पोथी त्यानं आणली नाही. खाली येऊन गिरारबाबांना सांगितलं, धुकं फार होतं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. वेष्टनांना गाईचं कातडं लावलं.

त्यानंतर मुन्यो सात वर्षं जगला. मठात रोज रोमची गायकी गात राहिला, आणि लोक म्हणत की आवाज पूर्वीपेक्षाही गोड झालाय. पण रोज दुपारी तो कुणाला ना कुणाला मागच्या वाफ्याकडे घेऊन जायचा. तेल्यो नावाचा एक समंजस भाऊ होता, त्याच्या मागे तर तो हात धुऊन लागला. तेल्यो बिचारा हातात घडा घेऊन त्याच्यामागून चालायचा आणि त्याचे ओठ हलताना बघायचा. "आलं का?" मुन्यो वाफ्याच्या टोकाला विचारायचा. तेल्यो म्हणायचा, "नाही, मुन्योबाबा. पुन्हा म्हणा." शेवटी मुन्योनं फ्रान्सच्या नव्या रीतीनं चाल लिहिली. त्या रीतीत पानावर सुईच्या टोकानं, शाईशिवाय, एक कोरडी रेघ ओढतात आणि तिच्यावर-खाली सूर मांडतात, म्हणजे न शिकलेल्यालाही किती चढायचं ते कळतं. लिहिलेलं त्यानं तेल्योला म्हणायला दिलं. तेल्योनं रेघ बघून, नीट, एकेक सूर म्हटला. निघालं ते रोमचंच. मुन्योनं ते पान घडी करून झग्याच्या आत ठेवून दिलं. माणसानं चूक एकदा करावी आणि तिची शिक्षा आयुष्यभर अशी डोक्यात लख्ख वाजत राहावी, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही.

मुन्यो गेला तो ऐन हिवाळ्याच्या कडक थंडीत, सकाळी. त्याला राखेवर निजवलं होतं. भोवती दोन रांगा. गिरारबाबा आता फार म्हातारे झाले होते, काठी टेकून तेही उभे होते. नव्या रीतीप्रमाणे भावांनी स्तोत्र धरलं, सगळ्यांनी मिळून, मोठ्या आवाजात. मुन्योचे ओठ हलत होते. तेल्योनं खाली वाकून कान लावला, पण वर गाणं इतक्या जोरात चाललं होतं की काही असलं तरी ऐकू आलं नसतं. गाणं थांबवा असं म्हणावं, असं तेल्योच्या मनात आलं होतं. त्यानं म्हटलं नाही. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना मान वर केली नाही.

त्याच संध्याकाळी, तोदा सांगते, देवळात दुसरा आवाज आला.

पहिला चरण रोजच्यासारखा झाला, थांबला. घर श्वास धरून बसलं. वेळ संपला, सगळे आपापल्या कामाला लागले. आणि मग उजवीकडून, उभ्या माणसाच्या उंचीवरून, एका भरदार सुंदर आवाजानं दुसरा चरण म्हटला. शेवटची तान इतकी लांब की ती बाकापासून दारापर्यंत चालत आल्यासारखी ऐकू आली. वाडीतली माणसं चुली सोडून बाहेर आली आणि रडली. ओनेका तेवढी नव्हती. ती आदल्या हिवाळ्यातच गेली, पुढचं न ऐकता.

आता वाडीला दोन्ही चरण पाठ आहेत. तोदा ते सलग म्हणते आणि म्हटल्यावर देवळाकडे बघते. पण देवळात ते सलग होत नाहीत. पहिल्या आवाजाला दुसरा ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याला वेळेवर येता येत नाही. पहिल्या वर्षी मधे 'हे आमच्या पित्या' ही एक प्रार्थना म्हणून व्हायची. दुसऱ्या वर्षी दोन व्हायच्या. तोदा दारात उभी राहून ओरडायचीसुद्धा, "लवकर म्हणा हो मुन्योबाबा, थांबलेत ते!" आताशा ओरडत नाही.

परवा मी वर गेलो होतो. विचारलं, हल्ली किती वेळ जातो मधे?

तोदानं थोडा विचार केला.

"एका शेळीची धार काढून होते माझी," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून दुसरीचीही व्हायला लागलीय."